यादीतलं सतरावं नाव

कॉलेजचं वार्तापत्र दुपारच्या टपालानं आलं तेव्हा इतिहासाचे सर नुकतेच जेवून उठले होते. हात पुसत पुसतच त्यांनी पाकीट फोडलं आणि सवयीनं थेट शेवटचं पान काढलं. ‘आपले प्राध्यापक या सुट्टीत काय वाचणार?’ हे पान गेली चौदा वर्षं सरच तयार करत आले होते. एप्रिल लागला की सगळ्यांकडून चिठ्ठ्या मागायच्या, उशीर करणाऱ्यांच्या मागे लागायचं, पुस्तकांची नावं नीट लिहून ऑफिसात द्यायची. स्टाफरूममध्ये त्यांना यादीबुवा म्हणत. परीक्षेच्या ड्यूट्यांपासून निरोपसमारंभाच्या चहापर्यंत जिथं म्हणून यादी लागेल तिथं त्यांना बोलावणं यायचं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. यादी करणाऱ्या माणसाला कोणी फारसं काही विचारत नाही. नाव लिहिलं की काम संपलं. तर त्यांनी पान काढलं, स्वतःचं नाव पाहिलं, पुस्तकाचं नाव बरोबर छापलंय याची खात्री केली, मग चष्मा वर ढकलून सगळ्या यादीवरून बोट फिरवत खाली आले आणि सतराव्या नावावर त्यांचं बोट थांबलं. सतराव्या जागी गणिताच्या मॅडम होत्या. त्या या सुट्टीत दीपस्तंभांचा इतिहास वाचणार होत्या. मॅडमना जाऊन अकरा महिने झाले होते.

त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं. बायको आतून म्हणाली, “आलं का तुमचं वर्तमानपत्र?” ते “हो” म्हणाले. मग पुन्हा पान सुलटं केलं, जणू तेवढ्यात नाव पुसलं गेलं असेल. चूक कशी झाली असेल ते त्यांना लगेच समजलं होतं. ऑफिसातल्या टायपिस्ट बाई गेल्या वर्षीचीच फाइल उघडून त्यात नवी नावं भरतात. ज्याची चिठ्ठी येईल त्याचं पुस्तक बदलतात. सतराव्या जागेसाठी या वर्षी कोणाची चिठ्ठी आली नव्हती. मॅडमच्या जागी आलेल्या नव्या माणसानं, मला सवड झाली नाही, असं हसत हसत सांगितलं होतं. त्यामुळे सतरावी ओळ जशीच्या तशी राहिली. पण छापायला जाण्याआधी कागद त्यांच्याकडे आला होता. खाली ‘वाचून पाहिले’ असा शिक्का होता आणि शिक्क्यावर त्यांनी सही केली होती. त्या दिवशी पर्यवेक्षणाची घाई होती. त्यांनी सही केली होती, वाचलं नव्हतं.

फोन चारला आला. प्राचार्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट फारच हळू होता. “पाहिलंत ना?” ते म्हणाले. “दुपारपासून सात जणांचे फोन आले मला. प्रूफवर सही तुमची आहे. असू दे, व्हायचं ते झालं. पण मॅडमच्या वडिलांच्या घरचा पत्ताही अजून पाकिटांच्या यादीत आहे. त्यांनाही अंक गेला असणार.” “पत्र पाठवणं काही बरं दिसत नाही,” प्राचार्य म्हणाले. “तुम्ही स्वतः जाऊन या. कॉलेजच्या वतीनं माफी मागा. तुमचं आणि मॅडमचं तसं बरं होतं ना?” सर म्हणाले, “ठीक होतं.” फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, काय होतं आपलं? आठ वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. त्यांच्या डब्याचा रंग आठवतो, हसताना त्या मान मागे टाकत तेही आठवतं. पण गेल्या अकरा महिन्यांत त्यांची जेव्हा जेव्हा आठवण झाली तेव्हा ती एकाच दुपारची झाली, आणि ती झाली की सर उठून खिडकी तरी उघडत, पाणी तरी पीत.

ती दुपार अशी. परीक्षा चालू होत्या. वरच्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात ऊन निम्म्यापर्यंत आत आलं होतं. सर चिठ्ठ्या गोळा करत फिरत होते आणि मॅडम पेपरांचा गठ्ठा घेऊन समोरून आल्या. “तुमची तेवढी राहिली,” सर म्हणाले. मॅडमनी गठ्ठा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, उत्तरपत्रिकेच्या पुरवणीचा एक कोपरा फाडला, उभ्या उभ्या लिहिलं आणि घडी घालून त्यांच्या हातात दिला. काही बोलल्या नाहीत. सरांनी ती जिना उतरताना उघडली. ‘या सुट्टीत वाचन नाही. अक्षरं जागेवर थांबत नाहीत.’ अक्षर वाकडंतिकडं होतं, ओळ खाली उतरत गेली होती. सरांना हसू आलं होतं. हो, हसूच आलं होतं, ते काही नाकारता येत नव्हतं. मॅडमची असली उत्तरं सगळ्यांना माहीत होती. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ‘रेल्वेचं वेळापत्रक, सुधारित आवृत्ती’ असं लिहून दिलं होतं. सरांनी ते मजेनं छापलं आणि प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, हा चावटपणा पालक वाचतात, असं ऐकवलं होतं. पुन्हा ते नको होतं. सर तसेच ग्रंथालयात गेले. दाराशी नव्या पुस्तकांचं टेबल होतं. त्यावरचं सगळ्यात वरचं जाड पुस्तक दीपस्तंभांच्या इतिहासाचं होतं. नाव भारदस्त, विषय निरुपद्रवी. त्यांनी मॅडमच्या नावापुढे ते लिहून टाकलं. चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नसतील.

यादी छापून आली तेव्हा मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या होत्या. “हे मी निवडलंय?” त्यांनी विचारलं. सर म्हणाले, “तुमच्या वतीनं निवडलं. तुमची चिठ्ठी वरती चालली नसती.” मॅडम थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. आता वाचावं लागेल,” आणि मान मागे टाकून हसल्या. पुढे सुट्टी लागली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मॅडम घरात पडल्या, त्यांना दवाखान्यात नेलं, मेंदूत गाठ निघाली आणि अकराव्या दिवशी त्या गेल्या. अडतिसाव्या वर्षी. शोकसभेत कोणीतरी बोलताना म्हणालं की कसलीही सूचना न देता त्या निघून गेल्या. सर तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या अंगाला एकदम घाम सुटला. शेजारच्या ग्रंथपालांनी विचारलं, “पंख्याखाली बसता का?” ते म्हणाले, “नको, इथंच ठीक आहे.”

वडिलांकडे जायचं सर आज, उद्या करत राहिले. सुट्टी लागलेलीच होती, सबब अशी काही नव्हती. यादीत स्वतःच्या नावापुढे त्यांनी एका जुन्या बंदराच्या व्यापाराचं पुस्तक लिहिलं होतं, ते घेऊन ते सकाळी खिडकीशी बसत. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात हललेली असते. म्हणजे अगदी हललेली नाही. पण मागे वळून पाहिलं की वाटे, हा शब्द आत्ता इथं नव्हता, थोडा अलीकडे होता. त्यांनी पानावर फूटपट्टी ठेवली. पट्टीखालची ओळ सरळ राहिली, पण पट्टीच्या वरची कडेनं लवत गेल्यासारखी झाली. त्यांनी चष्मा पुसला. चष्मा काढून, पुस्तक नाकाशी आणून वाचून पाहिलं. मॅडमना असंच दिसलं असेल का? की याहून वाईट? शब्द सरकत होते, की त्यातलं एकेक अक्षर सुटून निघत होतं? आकडे थांबत होते का? फळ्यावर समीकरण लिहिताना काय झालं असेल? एवढ्या मुलांसमोर, पाठमोऱ्या उभ्या राहून, आपणच लिहिलेलं पुसलं जात नाहीये तर जागा सोडतंय, हे पाहताना त्या काय करत असतील? सरांनी पुस्तक मिटलं. “अर्धा तास झाला, एकाच पानावर आहात,” बायको म्हणाली. “डोळे दाखवून तरी या.”

ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून खालपर्यंतची सगळी अक्षरं वाचून घेतली. सरांनी ती धडाधड वाचली. एकही हललं नाही. “डोळे ठणठणीत आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या वयाला शोभत नाहीत इतके चांगले.” सरांनी विचारलं, “पण अक्षरं जागेवर थांबत नाहीत असं कोणी सांगितलं तर?” डॉक्टर हात धूत होते, त्यांनी वळून पाहिलं. “कोणी म्हणजे?” “असंच. कोणीही.” “मग मी डोळे बघत बसणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्याच दिवशी डोक्याचा फोटो काढायला पाठवीन.” रस्त्यावर आल्यावर सर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. समोरून माणसं जात होती, एक बाई सायकल हातात धरून दुसरीशी बोलत उभी होती. दोघींना कसली घाई नव्हती. त्याच दिवशी. डॉक्टरांनी हे हात पुसता पुसता सांगितलं होतं. ज्याला कळायला हवं त्याला एवढ्या सहज कळतं ते. आणि कळलं नाही तरी विचारता आलं असतं. म्हणजे काय हो मॅडम, एवढे चार शब्द. उतरलेल्या पायऱ्या परत चढल्या असत्या तरी पुरे होतं, त्या अजून व्हरांड्यातच असतील तेव्हा.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. सगळं नाही, चिठ्ठीपुरतं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली. “चिठ्ठी आहे का अजून?” तिनं विचारलं. “टाकली.” “आणि हे कोणाला सांगितलंत?” “कोणाला नाही.” बायकोनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “त्या म्हाताऱ्या माणसाला सांगून तुम्ही मोकळे व्हाल. तो काय करील?” सरांना हे अपेक्षित नव्हतं. तिनं जा म्हणावं किंवा जाऊ नका म्हणावं, असं काहीतरी त्यांना हवं होतं. “माफी मागायला तर जावंच लागेल,” ते म्हणाले. “मग तेवढी मागून या,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली मान घालून निवडायला लागली.

वडील तिसऱ्या मजल्यावर राहत होते. दार त्यांनी स्वतःच उघडलं. उंच, वाळलेले, ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ. आयुष्य जमीन मोजणीच्या खात्यात गेलं होतं आणि अजूनही माणसाकडे बघताना तो आपल्यापासून किती अंतरावर आहे हे पाहिल्यासारखे बघत. सरांनी नाव सांगितलं. “या सर,” ते म्हणाले. “ती तुमच्याबद्दल बोलायची. तुम्ही यादी करता ना?” खोली लहान होती आणि लख्ख होती. एका भिंतीला मॅडमचं टेबल, त्यावर काही नाही. सर खुर्चीच्या टोकावर बसले आणि पाठ केलेलं बोलायला लागले, की काका, कॉलेजकडून अक्षम्य चूक झाली, सही माझीच होती, तुम्हाला किती त्रास झाला असेल. वडिलांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“त्रास कसला,” ते म्हणाले. “पाकीट फोडलं, पान काढलं, तर पोरीचं नाव. मला बरं वाटलं. वर्षभरात तिचं नाव कुठं छापलेलं पाहिलं नव्हतं. विजेच्या बिलावर असायचं, ते मीच बदलून घेतलं.” ते उठले आणि आतून पुस्तक घेऊन आले. दीपस्तंभांचा इतिहास. पाठीवर ग्रंथालयाचा नंबर तसाच होता. “हे तुमचंच आहे, परत करायचं राहिलं. ग्रंथपाल म्हणाले, राहू दे. मी तिसऱ्यांदा वाचतोय. तिनं सत्तावीस पानं वाचली. अठ्ठावीसला बसचं तिकीट घातलंय. सत्तावीस पानांना तिला तीन आठवडे लागले. एरवी रात्रीत पुस्तक संपवणारी मुलगी.” त्यांनी पुस्तक मांडीवर सरळ ठेवलं. “मी दवाखान्यात विचारलं होतं, हे कशाला घेतलंस? तेव्हा ती बोलण्याच्या पलीकडे गेली होती. म्हणून वाचतोय. माणूस शेवटी काय हातात घेतो त्यावरून त्याच्या मनात काय चाललं होतं ते कळायला हवं. अजून कळलं नाही. एका जागी वाटतं कळलं, मग पुढल्या प्रकरणात पुन्हा सुटतं. तुम्ही इतिहासाचे. तुम्ही वाचलंय का हे?”

“नाही,” सर म्हणाले. बायकोचं वाक्य त्यांच्या कानात होतं. माफी मागून झाली होती. आता चहा होईल, मग उठता येईल. जिना उतरला की मोकळी हवा. आणि हा माणूस चौथ्यांदा वाचील, पाचव्यांदा वाचील. त्यांना वाटलं, वाचू दे की. त्यात त्याचं काय बिघडतंय. पण वडिलांचं बोट पुस्तकाच्या कडेवरून वर-खाली फिरत होतं, अडलेला विद्यार्थी प्रश्नावरून फिरवतो तसं, आणि ते बघवेना.

“काका,” ते म्हणाले, “ते पुस्तक मॅडमनी निवडलं नव्हतं. मी निवडलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. वेळापत्रकाची चेष्टा, प्राचार्यांचं बोलणं, चिठ्ठी, टेबलावरचं वरचं पुस्तक, टोपली. सांगताना आवाज आपला नाही असं त्यांना वाटत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांचंसुद्धा सांगून टाकलं. वडिलांचं बोट पुस्तकाच्या कडेवर थांबलं. “काय लिहिलं होतं?” त्यांनी विचारलं. सरांनी वाक्य सांगितलं. “पुन्हा सांगा.” सरांनी पुन्हा सांगितलं. “तारीख?”

सरांना तारीख माहीत होती. चिठ्ठ्यांची शेवटची तारीख, त्यांनीच सूचनाफलकावर लावलेली. पण हा प्रश्न का आला तेही त्यांना त्याच क्षणी उमगलं. दोन-तीन आठवडे पुढची सांगितली तर कोणाला कळणार होतं? कागद नाही, साक्षीदार नाही. “नऊ एप्रिल,” ते म्हणाले.

वडिलांनी टेबलाच्या खणातून गेल्या वर्षीची डायरी काढली. रोज एक-दोन ओळी लिहिलेल्या होत्या, हवा, औषध, कोण आलं, कोण गेलं. “दोन मे,” ते म्हणाले. “तिनं चहा कपाच्या बाहेर ओतला. मला ते पहिलं दिसलं. एकवीसला पडली. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना आधी आणली असती तर काही करता आलं असतं.” ते थांबले. बोटांवर मोजत नव्हते, पण मोजत होते हे दिसत होतं. “बेचाळीस दिवस,” ते म्हणाले.

सर खाली बघत बसले. आता हे उठतील, दार उघडतील, जा म्हणतील. किंवा रडतील. दोन्हींची त्यांनी मनात तयारी केली. बाहेर कोणीतरी गच्चीवर गादी झोडपत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“म्हणजे तिनं सांगितलं होतं,” वडील म्हणाले.

सरांनी वर पाहिलं. वडिलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं ते बघणं रागापेक्षा अवघड होतं. ते सुटका झाल्यासारखे दिसत होते. “मी वर्षभर हेच धरून बसलो होतो,” ते म्हणाले. “एका घरात राहून पोरीनं मला सांगितलं नाही. एकटीच घेऊन बसली सगळं. मला वाटायचं, आपण असे कसे बाप, की हिला सांगावंसं वाटलं नाही. पण तिनं सांगितलं. लिहून दिलं. तुम्हाला सांगितलं.”

“मी ओळखलं नाही,” सर म्हणाले.

“ते ऐकलं मी,” वडील म्हणाले. आवाज तेवढ्यापुरता कोरडा झाला. “त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. एवढ्यात माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.” त्यांनी डायरीची पानं मागे उलटली, नऊ एप्रिल काढलं. त्या दिवशी फक्त एक ओळ होती, दाढीच्या सामानाबद्दल काहीतरी. त्याखालची जागा कोरी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “सकाळ की दुपार?”

“दुपार. तीनच्या सुमाराला.”

“कुठं?”

“वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात.”

वडील लिहीत होते. अक्षर बारीक, टोकदार, नकाशावर नोंद करतात तसं. चिठ्ठीतलं वाक्य त्यांनी न विचारता लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, “ती कशी आली? बरोबर कोणी होतं?”

“एकट्याच होत्या. हातात पेपरांचा गठ्ठा होता. एवढंच आठवतं.”

“एवढंच कसं असेल? समोरून येत होती ना? लांबून दिसली असेल.”

“काका, खरंच नाही आठवत.”

“तुम्हाला सुट्टी आहे,” वडील म्हणाले. “बसा. आठवून सांगा.”

सरांनी डोळे मिटले. वर्षभर त्यांनी ही दुपार नेहमी चिठ्ठीपासून सुरू केली होती. घडी, हात, जिना. त्याच्या आधीचं काही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता व्हरांडा समोर आला, निम्म्यापर्यंत ऊन, एका ओळीत बंद वर्गांची दारं. टोकाला एक आकृती वळणावरून आली. ती उन्हात नव्हती, आतल्या बाजूनं येत होती. गठ्ठा एकाच हातानं छातीशी धरला होता. ती फार हळू येत होती, इतकी हळू की आपण तेव्हा घड्याळ पाहिलं होतं, हेही त्यांना आठवलं.

“एक हात मोकळा होता,” सर म्हणाले. “तो भिंतीवर होता. त्या भिंतीला धरून चालत होत्या.”

सरांनी डोळे उघडले. मग पेन कागदावरून फिरायला लागलं. ते थांबल्यावर वडील म्हणाले, “पुढे?”